माहेरचा रकाना

पहिल्याच भेटीत मी त्यांच्यावर ओरडले होते. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांचं कौतुक करायला लागले की ही त्यांच्यातलीच असं कुणी म्हणायला नको.

मी तेव्हा पत्रकं लिहायचे. वैशाली नगरात एका मित्राच्या गच्चीवर आमच्या सात-आठ जणांच्या मंडळाच्या बैठका व्हायच्या, आणि मजकूर लिहायचं काम माझ्याकडे असायचं, कारण मला राग लवकर येतो. पत्रक लिहिणाऱ्याला एक वाईट सवय लागते. समोरचा बोलायच्या आधीच तो कोणत्या बाजूचा हे आपण ठरवून टाकतो. त्या आठवड्यातल्या पत्रकाचा मथळा होता, 'रक्त आमचं, आकडे कुणाचे?' तो घेऊन मी नेहरू नगरात एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर गेले. तिथे दोन खोल्यांत सिकलसेलच्या पोर्टलचं भिलाईचं केंद्र होतं.

सिकलसेल आमच्या लोकांत घराघरात आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, हाडं ठणकतात, आणि तान्ह्या बाळाला नुसता तापही घेऊन जाऊ शकतो. वेळेवर कळलं तर मात्र रोजच्या औषधावर आणि लसींवर तेच बाळ मोठं होतं, शाळेत जातं, मास्तरांचा मार खातं. म्हणून बाळ जन्मलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या टाचेतून दोन थेंब रक्त एका जाड कार्डावर घेतात आणि तपासतात. छत्तीसगडातल्या आणि विदर्भातल्या मिळून सहा संस्थांनी हे निकाल एकाच पोर्टलवर ठेवायचं ठरवलं होतं. तिथे नाव दिसत नाही, फक्त नंबर दिसतो. नावांची वही ज्या त्या केंद्रात कुलपात. ताप कुठल्या वयात येतो, कोणतं औषध कुणाला लागू पडतं, हे एकट्या दवाखान्याला जन्मात कळलं नसतं ते सहा जणांना मिळून कळतं.

हे मला आज कळतं. त्या दिवशी मला एवढंच दिसत होतं की आमच्या बाळांचं रक्त कुठल्या तरी स्क्रीनवर चढतंय आणि वस्तीत डॉक्टर मात्र येत नाही.

आत टेबलाशी साठी उलटलेला एक माणूस डब्यातली बासी खात बसला होता. रात्रीचा पाण्यातला भात, मीठ, वर कच्चा कांदा. अस्सल नागपूरकडचा मराठी माणूस, पण एप्रिल लागला की छत्तीसगडी व्हायचा. केंद्राची वही त्यांच्याकडे असायची, आणि सगळे त्यांना काका म्हणायचे.

"मला तुमच्या केंद्राची यादी पाहिजे," मी म्हटलं. "किती बाळं, कुणाची, कोणत्या वस्तीतली."

त्यांनी कांद्याचा तुकडा शांतपणे चावला. "तुह्या मायचं माहेर कोणतं, पोरी?"

माझं डोकं सणकलं. जात विचारायचे शंभर मार्ग असतात, हा एकशेएकावा. "जात विचारायची आहे ना? सरळ विचारा! जय भीमवाली आहे मी. लिहा तुमच्या पोर्टलात!"

खालच्या क्लासमधलं गणित क्षणभर थांबलं. काकांनी डबा तोंडाला लावून बासीचं पाणी संपवलं.

"मी बी जय भीमवालाच हाये. बस खाली. अवं, जात तं कोणी बी इचारते. माहेर इचाराले अक्कल लागते."

"तिरोडा," मी बसत म्हटलं. अजून रागातच होते.

"मंग पयलं बाळंतपण तिरोड्यालेच झालं असन."

"झालं. मीच ती."

"पाह्य. राह्यते भिलाईत, जनमली तिरोड्यात. आता सांग, तू कोण्या गावच्या वहीत हायेस?"

 यादी काही मिळाली नाही.

मी मात्र जातच राहिले. आधी यादीसाठी भांडायला, मग नुसती भांडायला, आणि नंतर नंतर त्यांच्या हातचा काळा चहा प्यायला.

रेल्वेत ते नंबर टेकर होते. हे पद आता कुणाला माहीत नाही. दुर्गच्या बाजूला यार्डात मालगाडी येऊन उभी राहिली की तिच्या कडेकडेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं आणि एकेका डब्याचा नंबर लिहून घ्यायचा. ऊन असो, चिखल असो. आयुष्यभर एकाच बाजूला बघत चालल्याने त्यांची मान डावीकडे थोडी वळलेलीच राहिली होती. रस्त्याने जाताना उभ्या गाड्यांचे नंबर ते पुटपुटत वाचायचे. वहीत 'वरीलप्रमाणे' अशा दोन टिंबांच्या खुणा केलेल्या दिसल्या की त्यांच्या कपाळाची शीर उठायची. "दोन डब्बे कधी सारखे नसतात," म्हणायचे. "अन डब्बा हरपत नसते, पोरी. नंबर हरपते. मंग लोक म्हणतात, डब्बा हरपला."

केंद्रात नोंदी भरणाऱ्या दोन मुली होत्या. रोज संध्याकाळी काका कार्डांचा गठ्ठा काढून एकेक कार्ड स्क्रीनशी जुळवायला बसले की त्या हसायच्या. "काका, कंप्यूटर गिन लेता है।"

"गिनने दो उसको. मैं देखता हूँ."

पण त्यांचं खरं वेड बारशाचं.

टाचेचं रक्त दुसऱ्या दिवशी घेतात आणि आपल्याकडे नाव बाराव्या दिवशी ठेवतात. त्यामुळे कार्डावर बाळाचं नाव नसतंच. 'बेबी ऑफ संगीता', 'बेबी ऑफ ममता'. या 'बेबी ऑफ'चा त्यांना इतका तिटकारा होता की ते सरळ बारशाला जाऊन नाव घेऊन यायचे. बोलावणं नसताना. जाताना रिकाम्या हाताने नाही, तर लाळेरं घेऊन, आणि तेसुद्धा विकतचं नाही. बायको गेल्यावर तिचं शिवणयंत्र पडून होतं, त्यावर ते स्वतः लाळेरी शिवायचे. टाके वाकडे, बंद मात्र पक्के.

बारशात त्यांची मोठी मजा व्हायची. मुलीकडच्यांना वाटायचं मुलाकडचे कुणी थोरले, मुलाकडच्यांना वाटायचं मुलीकडचे. कुणी विचारलंच तर ते खरंच सांगायचे, "मी वहीवाला," आणि लोकांना वाटायचं जन्मदाखला देणारा बाबू, म्हणून आणखी दोन पुऱ्या वाढायचे. एकदा तर गल्ली चुकून भलत्याच घरच्या बारशात पोटभर जेवले. तिथेही नाव लिहून आणलं. "आज नाही तं उद्या कामी येईन," म्हणाले. "हे लेकरू बी कोण्या ना कोण्या कार्डावर असनच."

मी चिडवायचे, "काका, हे सरकारी काम आहे की पंगत?"

"पंगतीतच तं लोक खरं नाव सांगतात वं."

मधे त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, एकामागून एक, आणि ते नागपूरला लेकीकडे चार-साडेचार महिने राहिले. परत आले त्या दिवशी मी केंद्रातच होते. त्यांनी काळा चष्मा काढला, मागचे सगळे गठ्ठे मागवले आणि एका टोकापासून चालायला लागले. चालायला म्हणजे बसल्या बसल्याच, पण मान तशीच डावीकडे. दुपार गेली. मुली निघायच्या तयारीत होत्या. तेव्हा काकांच्या हातात एक कार्ड राहिलं.

"एक डब्बा उभा हाये," ते म्हणाले. "कागदावर नाही."

मुलींनी शोधलं. नोंद होती, असं स्क्रीन म्हणत होती. काका म्हणाले, ती वेगळ्याच बाळाची. मग त्यांनी मूळ फॉर्म काढायला लावले, आणि जे निघालं ते असं.

एकाच दिवशी, एकाच दवाखान्यात दोन मुली जन्मल्या. दोघींच्या आयांचं नाव एकच, सुनीता रमेश मेश्राम. पहिल्या सुनीताचा नवरा रमेश. दुसऱ्या सुनीताचा बाप रमेश. पहिली लग्न करून मेश्राम झालेली. दुसरी जन्माची मेश्राम, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि आधारकार्डावर अजून माहेरचंच नाव. फॉर्म हिंदीत. त्यात एकच रकाना, पिता/पति. आपली बाई नाव सांगते ते तीन तुकड्यांचं. मधला माणूस बाप की नवरा, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं असतं. लिहिणाऱ्याने समजून घेतलं नाही. पोर्टलमध्ये तर त्याच सुमाराला दुहेरी नोंदी आपोआप जोडणारी नवी सोय आली होती. नावं इतर केंद्रांना दिसत नसली तरी यंत्र आतल्या आत ती ताडून बघायचं. आईचं नाव तेच, तारीख तीच, दवाखाना तोच, बाळ मुलगी. जोडून टाकल्या. दोन मुलींची एक झाली. रिपोर्ट दोन होते, एक चांगला, एक सिकलसेलचा. चांगला राहिला. पहिल्या सुनीताला मोबाइलवर 'सब ठीक' असा निरोपही गेला होता.

आणि दुसरीची मुलगी, जिला आजार होता, ती पोर्टलमध्ये जन्मलीच नव्हती.

मग केंद्राच्या डॉक्टरीण बाईंनी समजावून सांगितलं. पहिले काही महिने जन्माचं रक्त बाळाला सांभाळून घेतं. ते सरत आलं की आजार डोकं काढतो. मुलीला पाचवा महिना लागला होता. औषध दोन महिन्यांपूर्वीच सुरू व्हायला हवं होतं. आता येणारा कोणताही ताप शेवटचा ठरू शकत होता, आणि तिच्या आईला याचा पत्ताच नव्हता.

दुसरीच्या फॉर्मवरचा मोबाइल बंद. पत्ता सेक्टर दहाचा, स्टील प्लांटचं क्वार्टर. मी स्कूटर काढली, काका मागे बसले. क्वार्टरमध्ये भलतंच कुटुंब. तिचे वडील रमेश मेश्राम रिटायर झाले, क्वार्टर सोडलं, गेले. कुठे, ते नव्या लोकांना माहीत नाही.

"बस," मी म्हटलं. "उद्या ऑटोवर भोंगा लावते. पत्रक काढते. आईचं नाव, क्वार्टरचा नंबर, मुलीला सिकलसेल आहे, कुणाला ठावठिकाणा माहीत असेल तर कळवा. दोन तासांत सापडेल."

"नाही."

"जीव मोठा की नाव मोठं, काका?"

"जीव. म्हणूनच नाही म्हणतो." ते स्कूटरवरून उतरले. "भोंग्यावर बिमारी गेली तं ते घर लेकराले लपवन. दवाखान्यात आणाचं सोडून देवऋषाकडे नेईन. नवऱ्याच्या घरचे म्हणतीन, खोट तुह्यात हाये, जाय आपल्या माहेरी. अन माहेर तं पाह्यलं ना तू आत्ता? दुसऱ्यायचे कपडे वाळून राह्यले तेथं."

"म्हणजे काहीच करायचं नाही? तुम्ही बाबू आहात, बाबूच राहणार! कागद जपा तुमचा!"

रस्त्यावरचे लोक बघायला लागले. ते रागावले नाहीत, याचाही मला राग आला.

"तिनं थेंब दिले ते तपासाले दिले, पोरी. भोंग्याले नाही दिले. मले एक दिवस दे. मंग लाव काय लावाचं ते."

मी दिला. कुरकुरत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्याच रांगेत, समोरच्या क्वार्टरपाशी उभे. एक बाई अंगणात खाटेवर कोहळ्याच्या वड्या घालत होती. काकांनी खिशातून लाळेरं काढलं.

"बाई, समोरच्या सुनीताच्या लेकीच्या बारशाले याचं राहून गेलं माह्यं."

"तुमी कोण?"

"वहीवाला. लेकराचं नाव लिवाचं राह्यलं."

बाई हसली. "नाव लिवाले कोणी घरी येते का?"

"मी येतो."

"आता येऊन काय फायदा? पोट्टी गेली सासरी. सव्वा महिना झाला अन नेली. रमेशभाऊ बी गावाकडे गेले." तिने वडी घालता घालता काकांकडे नीट पाहिलं. लाळेऱ्याकडे पाहिलं. "हे कोणं शिवलं?"

"म्या."

"टाका वाकडा हाये."

"होय. पण बंद पाहा."

तिने बंद ओढून पाहिला, आणि मग सगळं सांगितलं. बारसं इथेच झालं, पाळणा तिच्याच घरचा होता. नाव ठेवलं यशोधरा. जावई रेल्वेत, पटरीवर काम करतो, आमगावकडे. कोणतं गाव ते नाही आठवत, पण स्टेशन आमगाव. या सगळ्यात 'सिकलसेल' हा शब्द एकदाही आला नाही. माझ्या भोंग्याने पहिल्याच वाक्यात उच्चारला असता.

विदर्भाच्या बाजूचं जे केंद्र पोर्टलमध्ये सामील होतं तिथल्या सिस्टरला काकांनी फोन केला. फोनवर फक्त नाव आणि गावाची दिशा सांगितली. आजार, रिपोर्ट, कार्डाचा नंबर वेगळा, पोर्टलवरून पाठवला. "नाव एका गाडीनं, नंबर दुसऱ्या गाडीनं," म्हणाले. "मधात कोणी गाडी लुटली तरी अर्धंच भेटन." सिस्टरने तिच्या भागातल्या लसीकरणाच्या याद्या चाळल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. यशोधरा सापडली होती. ठणठणीत होती, नुसती रडकी.

दोन राज्यं, दोन याद्या, दोन आडनावं, आणि मधे ते पोर्टल, ज्याच्या विरुद्ध मी पत्रक छापलं होतं. ते पत्रक मी फाडलेलं नाही. त्यातले अर्धे प्रश्न अजूनही बरोबर आहेत. पण पोर्टल नसतं तर भिलाईतल्या कार्डाची खबर आमगावच्या सिस्टरला कुणी दिली असती, याचं उत्तर माझ्या मंडळाकडे नव्हतं.

आम्ही सकाळच्या मेमू गाडीने आमगावला गेलो. सुनीता केंद्रात आली होती, मुलीला कडेवर घेऊन. सिस्टरने तिला आदल्या दिवशीच सगळं समजावलं होतं. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत.

"चार महिन्यांपासून तुमच्याजवळ कागद होता," ती काकांना म्हणाली. "मले कावून नाही सांगतलं कोणं?"

मी तोंड उघडलं. यंत्राची चूक, फॉर्मची चूक, क्लार्कची चूक, सगळी यादी माझ्या जिभेवर होती.

"चूक आमची हाये, बाई," काका म्हणाले. "माफी माग म्हणशीन तं मागतो. पण पयले दवाई पाह्यून घे."

ती रडली, मग तिने बाटली हातात घेतली. किती, केव्हा, ताप आला तर काय. सिस्टरने सांगितलेलं तिने दोनदा म्हणून दाखवलं. यशोधराने पहिला डोस काकांच्या शर्टावर थुंकला. लाळेरं तेव्हा त्यांच्या खिशातच होतं.

पुढे सहा संस्थांची व्हिडिओवर बैठक झाली. पोर्टल बनवणारा इंजिनिअर दूरच्या शहरात बसलेला, पोरगेलासा, हुशार. तो आलेख दाखवून हिंदीत सांगत होता की नवी सोय आल्यापासून दुहेरी नोंदी किती कमी झाल्या.

काकांनी हात वर केला. "साहेब, आपने जो कम किया, उसमें एक लेकरू था."

 मग त्यांनी दोन सुनीतांची गोष्ट सांगितली, नावं गाळून, आणि म्हणाले, एक रकाना पाहिजे, माहेर. बाई लग्नाआधी कोण्या घरची, कोण्या गावची. आणि बाप-नवऱ्याचा एकच रकाना तोडून दोन करा. इंजिनिअरने विचारलं, हिंदीत मायका म्हणजेच ना? इंग्रजीत याला काय म्हणू? जो तो एकेक शब्द सुचवायचा, एकही बसेना. शेवटी पोर्टलवर इंग्रजी अक्षरांत 'माहेर' असंच चढलं. आज सहाही ठिकाणी ते आहे. मराठी न येणाऱ्या मुली बायकांना विचारतात, "आपका माहेर?" बायका हसतात आणि सांगतात. दुहेरी नोंद आता माणसाने बघितल्याशिवाय जुळत नाही.

आता काका केंद्रात येत नाहीत, गुडघे गेले. पण सुनीताचा तो फोन आला तेव्हा ते अजून येत होते, आणि मीही तिथे होते. डॉक्टरीण बाई आणि सिस्टर ज्याची वाट बघत धास्तावल्या होत्या तो ताप यशोधराला आठव्या महिन्यात आला. आम्हाला कळलं ते सगळं उरकल्यावर. दुपारी सुनीताचा फोन आला, काकांनी स्पीकरवर टाकला, कारण कानाशी धरलं की त्यांना अर्धंच ऐकू येई.

"काका, परवा ताप चढला होता तिले. वाट नाही पाह्यली म्या. तसंच उचललं अन दवाखान्यात नेलं. सिस्टरनं देलं ते कार्ड दाखोलं. लगेच सुई देली. आज घरी आणली. झोपली हाये."

 काका चष्मा पुसत राहिले.

"काका, आयकून राह्यले ना? अन हे तुमच्या पोर्टलात टाका. ताप केव्हा आला, केव्हा उतरला, सारं. दुसऱ्या कोणाच्या लेकराले कामी येईन."

मी आजवर किती पत्रकांत लिहिलं असेल की माहिती लोकांची आहे. लोकांमधलं कुणी ती अशी आपल्या हाताने उचलून देताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी कागद शोधायला लागले, कारण मला दुसरं काही सुचेना.

काकांनी टॅबलेट ओढला. एका बोटाने टाइप करायला लागले. "किती वाजता चढला?"

"सकाळी. घड्याळ नाही पाह्यलं. मी पेजेचं भांडं उतरवून राह्यली होती, अन तिच्या मानेले हात लागला."

"पेजेचा रकाना नाही, पोरी."

"मले तं तेच आठवते. तेच लिवा."

त्यांनी सगळ्यात खालच्या शेऱ्याच्या चौकटीत एकेक अक्षर शोधत लिहिलं: पेज उतरवताना. आणि सहाही गावांना पाठवून दिलं.